मिशीचा डिंक

नातवाला गॅदरिंगसाठी मिशी चिकटवायला डिंक उघडला आणि त्या वासाने पुन्हा तरुणपणीची फजिती आठवली. ठाण्याच्या मासळीबाजारात, कुणाला न सांगता, जुन्या नाटकातला प्रवेश करायची अक्कल माझीच. सुधावर छाप पाडायची होती. तेव्हा ती माझी बायको झाली नव्हती. प्रवेशात ती मुलगी, मी तिला घराबाहेर काढणारा बाप.

"चालती हो!" मी गरजलो.

एका कोळीणमावशीने तिला पाठीशी घेतलं. "पोरीला हाकलतोस? लाज नाय तुला?"

"अहो, नाटक आहे!" पुरावा म्हणून मी मिशी उपटली.

"म्हंजे तोंड लपवून आलास?"

बाजार अंगावर आला. मावशीआडून सुधा खुदुखुदू हसत होती. इतकं खरं काम मला पुन्हा जमलं नाही.

"आजोबा, तुम्ही भारी अॅक्टिंग करायचात?" नातू विचारतो.

आतून सुधा ओरडते, "मिशी होती तोवर!"