लेकीला चष्मा कुणामुळे लागला?

माझ्या लेकीच्या चष्म्याची खरी किंमत सांगतो: तीन वर्षं टीव्ही बंद, गोष्टीची पुस्तकं माळ्यावर आणि रोज माझी बोलणी.

मंडळी, आज सातपूरच्या एका प्रयोगशाळेत माझ्या हॅचरीची कोंबडीची पिल्लं पोचवली. तिथल्या पिल्लांच्या इवल्या डोळ्यांवर चक्क भिंगं!

"चष्म्याचा नंबर कसा वाढतो ते बघायला ही भिंगं लावतो. सगळ्यांना भिंग सारखंच, तरी काहींचाच नंबर भराभर वाढतो," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "आईबापांकडूनही येतं हे, शेठ."

"आमच्यात कुणालाच चष्मा नाही," मी ऐटीत म्हणालो. "मी तर लांबचा माणूस नुसत्या आवाजावरून ओळखतो."

"आवाजावरून? मग तो समोरचा फळा वाचा बरं."

फळा दिसला. अक्षरं दिसली नाहीत.

आता लेकीची माफी कोणत्या तोंडानं मागू, सांगा. आमच्या घरात तिच्याआधी कुणी डोळे तपासलेच नव्हते.