काठावर भरलेली तळाची बाटली

सरपंच शर्ट घालून आले होतेच, पण एक हातातही घेऊन आले होते. तो त्यांनी माझ्या टेबलावर पसरला. पांढरा शर्ट, त्यावर चहा सांडल्यासारखे डाग. आमच्या धरणाच्या पाण्यात धुतल्यावर असा झाला, म्हणाले.

मी पाणीपुरवठ्याचा केमिस्ट. विद्वान चेहरा करून सांगितलं, क्लोरीन कमी पडतंय. पंपावरच्या गजाननला ब्लीचिंग पावडर वाढवायला लावली. तो कंत्राटी ऑपरेटर. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"सायेब, जवरी पावडर टाकतो, तवरा पानी काला होतं."

"तू नीट टाकत नसशील."

उन्हाळा होता. धरण उतरलेलं, पंप तळाजवळच्या व्हॉल्व्हमधून पाणी ओढत होता. म्हणून माझ्या वरच्या साहेबांनी तळाच्या पाण्याचा रिपोर्ट मागितला. त्यासाठी होडीतून मध्यावर जाऊन दोरीने बाटली खाली सोडतात. मला पोहता येत नाही. जन्म अलिबागेत गेला तरी. त्यात होडीत कायम घोट्यापर्यंत पाणी. गजाननला चहा आणायला पिटाळलं, काठावर बसून बाटली भरली आणि लेबलवर लिहिलं, 'मध्यभाग, तळापासून एक मीटर'. तो परतल्यावर म्हणालो, जाऊन आलो.

काठाचं पाणी उत्तम निघालं. धरण निर्दोष ठरलं, म्हणजे दोष पंपावरच्या माणसाचा. गजाननचं काम गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात ऑपरेटर नवा, डाग तेच. या वेळी डोळे मिटून होडीत बसलो. तळाच्या बाटलीत मँगनीज सापडलं. ते गाळात असतंच. पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत गाळाला धरून राहतं. उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही, तळाचा ऑक्सिजन संपतो आणि मँगनीज सुटून पाण्यात विरघळतं. तेव्हा दिसत नाही. क्लोरीन मिळालं की काळं पडतं. म्हणजे डाग गडद केले ते माझ्याच हुकमाने. तळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या वरचा, अजून पाण्याखाली असलेला मधला उघडला, पाणी निवळलं. शाबासकी मी घेतली. जुन्या लेबलबद्दल गप्प बसलो.

निवृत्तीनंतर कबुलीचं पत्र घेऊन मांडव्याला गेलो. गजानन आता तिथे जेटीवर बोटींचे दोर बांधतो. त्याने पत्र सावकाश वाचलं.

"मना तवाच ठाव व्हता, सायेब. तुमचं बूट सुकं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"रिपोर्टवर सही तुमची. माज्या बोलन्याला कोन इचारतो?"

पत्र ऑफिसात दिलं. पोचपावती आली, बाकी काही नाही. म्हणून इथे लिहितो. गजाननने पावडर बरोबर टाकली होती. चूक माझी होती.

नव्या साहेबांना एवढंच सांगणं: तळाचा नमुना आला की लेबल नंतर वाचा, आणणाऱ्याचे बूट आधी बघा.