निळं पडलेलं सोनं

सोनं म्हटलं की तुम्ही लगेच पुढं सरकून बसणार, मला माहीत आहे. कुणाच्या तरी वाडीत नारळाच्या मुळाशी हंडा लागला असेल, नाहीतर लग्नात वरमाईचा हार गेला असेल आणि संशय आला असेल माझ्यावर. तसं काही नाही. आमच्याकडं हंडा सापडला असता तर मी लिहीत बसलो असतो का? काशीदला हॉटेल टाकलं असतं.

माझ्या गोष्टीतलं सोनं पिवळं पण नाही. कोकम सरबतासारखं लाल आहे, आणि बोटाच्या पेराएवढ्या नळीत मावतं. आता हा नकला करणारा पोरगा आहे म्हणजे हसवणारच, अशी पण तुमची समजूत असेल. बघू.

तर आमच्या शेजारचा दादा. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच मिठागरात राबले. पुढं माझ्या वडिलांनी टेम्पो घेतला, त्याच्या वडिलांनी मुलाला शिकवलं. दादा मुंबईला एका मोठ्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट करायचा आणि दर आठवड्याला मांडव्याच्या बोटीने घरी यायचा. गावात त्याच्याएवढं शिकलेलं कुणी नाही. मी अलिबागला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं ते त्याच्याकडं बघून, आणि पास झालो तेही त्याने परीक्षेच्या आधी समोर बसवून शिकवलं म्हणून.

त्याच्या सोन्याचं गणित असं. सोनं इतकं बारीक करायचं की एक कण साध्या सूक्ष्मदर्शकातून पण दिसणार नाही. असे कण पाण्यात सुटे सुटे फिरत असले की पाणी लाल. ते एकमेकांना चिकटले की पाणी निळं. आणि चिकटवायला काय लागतं? मीठ! हे ऐकून माझे वडील इतके खूश झाले होते की विचारू नका. एवढी वर्षं मिठात गेली, आता कुठं मिठाला किंमत आली म्हणाले.

दादाला त्यातून थॅलेसेमियाची स्वस्त तपासणी बनवायची होती. रक्तातला डीएनए वेगळा काढायचा आणि त्यात सोन्याबरोबर एक छोटा बनवलेला धागा सोडायचा. रक्तात दोष नसला तर तो धागा सोन्याला धरून राहतो, मग मीठ घातलं तरी लाल ते लालच. दोष असला तर धागा सोन्याला सोडून त्या दोषाला जाऊन चिकटतो. सोनं उघडं पडतं, मीठ घातलं की निळं. लाल म्हणजे सुटलात, निळं म्हणजे तुम्ही वाहक. वाहकाला स्वतःला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघं वाहक निघाले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. मग त्या मुलाला आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त चढवत बसायचं.

त्यासाठी त्याने गावच्या हायस्कूलमध्ये रक्त तपासायचं शिबिर ठेवलं, आणि माणसं गोळा करायचं काम माझ्याकडं. जत्रेतल्या पाळणेवाल्याच्या आवाजात मी हे सगळं गल्लीगल्लीतून सांगितलं. सरपंचांच्या घरासमोर सरपंचांच्या आवाजात, शाळेसमोर हेडमास्तरांच्या. माणसं हसत हसत आली आणि बोट पुढं करून बसली.

माझी ताईपण आली. ताई मांडव्याला बोटीच्या तिकीट खिडकीवर काम करते. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा अलिबागचा, सरकारी कचेरीतला. दोघांनी एकमेकांना स्वतःच पसंत केलेलं, घरच्यांनी नंतर मान हलवली. मुलाच्या चुलत्याचं एक मूल थॅलेसेमियानं गेलेलं, म्हणून त्याच्या आईनं एकच अट घातली होती की साखरपुड्याआधी दोघांची तपासणी व्हावी. शिबिरातल्या तपासणीचे निकाल कुणाला सांगायचे नाहीत, ते फक्त संशोधनाला, असा नियम होता. पण दादा म्हणाला की घरचं आहे, मी संध्याकाळी सांगतो.

भावोजी, म्हणजे तेव्हा होणारे, अर्धा दिवस भरून दुपारी बाइकवर आले. ताईपण त्यांच्यासाठी थांबली होती. दोघांनी एकाच बाकावर बसून रक्त दिलं.

त्याच्या जरा आधी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याची बाटली कलंडली. मुंबईहून मोजून-मापून आणलेलं पाणी फरशीवर. माझा चेहरा बघून दादा हसला, मिठागराच्या गावात मीठ संपलं म्हणायचं नसतं म्हणाला. मला स्वच्छ बाटली देऊन मागच्या मिठागरात पाठवलं. जानेवारीचे दिवस, पाणी चांगलं पिकलेलं, म्हणजे आटून दाट खारट झालेलं. मी बाटली भरून आणली, त्याने ते दोनदा गाळलं आणि मग आमच्याकडं सगळे करतात तेच केलं. पाणी किती पिकलंय ते आमच्याकडं जिभेवर बघतात. त्याने एक थेंब जिभेवर ठेवला, थोडं शुद्ध पाणी मिसळलं, परत चाखलं आणि जमलं म्हणाला. एवढा डॉक्टरेटवाला माणूस प्रयोगशाळेत पाणी चाखत होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आपल्या मातीतला आहे, विसरला नाही, असं.

दुपारचे सगळे नमुने निळे पडले. सगळे म्हणजे सगळे, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. दादा आधी घाबरला, मग त्याचे डोळे चमकले. एका गावात एवढे वाहक म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मिठावर संशय त्याला आला नाही आणि मलाही आला नाही. आम्ही दोघं त्याच पाण्यात खेळून मोठे झालेलो.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आला. ताई आणि भावोजी उभे होते. तो म्हणाला, "दोघांचंही निळं आहे."

आईनं विचारलं, "पुन्यांदा बगायचं न्हाय का रं पोरा? अलिबागला?"

"कशाला काकी? अलिबागची तपासणी साधी असते. ही तिच्यापेक्षा पुढची आहे."

आईचाही जीव अलिबागला जायला धजेना. तिथल्या लॅबमध्ये ओळखीची माणसं, गावभर होईल. भावोजींच्या आईनं नारळ परत पाठवला, म्हणजे लग्न मोडलं. भावोजी तीन-चार वेळा मांडव्याला खिडकीपाशी येऊन उभे राहिले, मग यायचे बंद झाले. दिवाळीनंतर त्यांचं लग्न झालं, पनवेलची मुलगी. ताईनं त्या दिवशी सुट्टी घेतली नाही. उलट दुसऱ्याची पाळी पण केली.

पण त्याच्या आधी शिमगा आला होता, आणि शिमग्याला दादा आमच्याकडं जेवायला आला. पोळ्या खाल्ल्या. ताईनं वाढता वाढता विचारलं की ह्याच्यावर औषध काहीच नाही का. तेव्हा त्याने तिला जीन थेरपी समजावली. काय सुंदर बोलला! मी पाठ केलं होतं, मला आवडलेली वाक्यं पाठ होतात. सोन्याचे तेच कण, पण आता पोस्टमन. चांगलं जीन पाकिटात घालून पेशीच्या दारात टाकणार. ताई हातात तुपाची वाटी घेऊन ऐकत राहिली. त्यानंतर ती पेपरात असलं काही आलं की कापून ठेवायची. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी विज्ञानाचं पान वाचत होतं.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती पण कळली नव्हती. आधी दादा दर आठवड्याला तिच्या खिडकीवर तिकीट घ्यायचा, काहीतरी खायला देऊन जायचा. शिबिरानंतर तो मोबाईलवर तिकीट काढायला लागला. मला वाटलं, सुधारला.

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या अलिबागच्या कॉलेजात विज्ञान दिन होता. प्रमुख पाहुणा दादा, आता नावापुढं डॉक्टर लागलेला. सूत्रसंचालनाला मी, कारण माजी विद्यार्थी आणि फुकट. दादाची ओळख मी अशी करून दिली की प्राचार्य पण हसले.

त्याचं भाषण छान चाललं होतं. लाल नळी, निळी नळी, पडद्यावर चित्रं. मग जीन थेरपीचं आलं, आणि तिथं तो म्हणाला की ते आमचं काम अजून काचेच्या ताटलीतल्या पेशींवरच आहे, माणसापर्यंत कधी जाईल, जाईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. मला जरा खटकलं. शिमग्याला तर पाच-सात वर्षं म्हणाला होता.

मग तो संशोधनातल्या प्रामाणिकपणावर आला. म्हणाला, एका शिबिरातले दुपारचे सगळे नमुने आम्ही स्वतःहून बाद केले. मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियमसारखे दुसरे क्षार होते, त्यांनी धागा असला तरी सोनं गोळा केलं, त्यामुळे निरोगी रक्तही निळं दिसलं. "दुसऱ्याच दिवशी मुंबईत तपासलं तेव्हा कळलं. आकडे आकर्षक होते, पण आम्ही ते वापरले नाहीत." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. सूत्रसंचालकाचे हात आपोआप वाजतात.

हात वाजवता वाजवता डोक्यात दिवस जुळत गेले. शिबिर जानेवारीत. दुसऱ्याच दिवशी कळलं. नारळ परत आला त्याच्यानंतर आठवड्याने. शिमगा त्याच्याही नंतर. म्हणजे ओट्यावर परत येऊन, चूक झाली, एवढं म्हणायला त्याच्याकडं अख्खा आठवडा होता. आणि ताईच्या हातची पोळी खाताना त्याला सगळं माहीत होतं.

प्राचार्य म्हणाले, कुणाला प्रश्न असतील तर विचारा. माइक माझ्याच हातात होता. मी चष्मा नसताना चष्मा वर केला, मान थोडी तिरकी केली आणि दादाच्या आवाजात सुरू झालो. "रडू नकोस गं. सोन्याचे कण म्हणजे पोस्टमन, समजतंय ना? चांगलं जीन पाकिटात घालून पेशीच्या दारात टाकतील. पाच-सात वर्षं थांब, समजतंय ना?" सभागृह फुटलं हसून. पोरांनी मोबाईल वर केले. दादापण हसला, त्याला वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे. मी त्याच आवाजात पुढं म्हणालो, "हे मी शिमग्याला तिच्या घरी जेवता जेवता बोललो. नमुने बाद केले जानेवारीत. तिला सांगायचं राहून गेलं. लग्न मोडलं तिचं, पण आकडे आम्ही वापरले नाहीत, समजतंय ना?"

पहिल्या रांगेतलं हसणं थांबलं. मागच्या रांगा अजून हसत होत्या, त्यांना उशिरा पोचलं. प्राचार्यांनी माइक काढून घेतला.

दादाने मला बाहेर पार्किंगमध्ये गाठलं. ओरडला नाही. निकाल सांगायचे नव्हते, तरी तुमच्यासाठी सांगितले, म्हणाला. परत येऊन चूक म्हटलं असतं तर सांगितल्याचं उघड झालं असतं, सगळं काम थांबलं असतं, त्याच्या वडिलांचं मिठागरातलं आयुष्य वाया गेलं असतं. मी विचारलं की माझ्या ताईचं काय. तो गाड्यांकडं बघत म्हणाला, "तिने अलिबागला एकदा साधी तपासणी करून घ्यायला हवी होती."

मी त्याची हजार वाक्यं पाठ करून नकलेत वापरली आहेत. हे वाक्य मला त्याच्या आवाजात अजून जमत नाही.

घरी पोचलो तोवर माझ्या आधी व्हिडिओ पोचला होता. ताई मांडव्याहून नुकतीच आलेली, कंपनीचा शर्ट अंगात तसाच, मोबाईल हातात. मला वाटलं ती रडेल, जवळ घेईल, निदान दादाला शिव्या देईल. आई चुलीपासून म्हणाली की जेवू तर दे त्याला. ताई म्हणाली, तू मधे बोलू नकोस.

"कधी कळलं तुला?" तिनं विचारलं.

"तिथंच. भाषणात."

"आणि तू माइकवर बोललास. मला फोन केला नाहीस." मी तोंड उघडलं तर म्हणाली, गप्प. "माझा निकालच खोटा होता हे मला जेटीवरच्या पोरानं व्हिडिओ दाखवून सांगितलं. हमालानं, माकडा! तुझा दादा वर्षभर गप्प बसला आणि तू अख्ख्या अलिबागला सांगितलंस. माझ्याकडं येऊन आधी मला सांगावं, असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही?"

मी म्हणालो की मला राग आला होता.

"तुला राग आला? तुझं लग्न मोडलं होतं?" तिचा आवाज आता शेजारी, दादाच्या घरात जात होता, आणि तिला ते चालत होतं. "अलिबागात त्यांच्या घरी एक पोरगी नांदतेय. तिसरा महिना आहे तिला. आज तिच्या सासूच्या मोबाईलवर हे गेलं असेल. काय केलंय रे तिनं आपलं? आता ती रोज नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणार, हा चुकून माझ्याकडं आला का म्हणून. सुचलं तुला हे? न्हाय सुचलं. लोक हसले ना, झालं तुझं."

तिनं मोबाईल माझ्यासमोर आपटला. "ज्या ज्या पोरांनी काढलाय त्यांना एकेकाला फोन लाव, आत्ता, माझ्यासमोर. पाया पड, पण काढून टाकायला सांग. आणि नीट साधं बोल. कुणाचा आवाज काढलास तर बघ, थोबाड फोडीन."