पाट्यावर वाटलेली बंदुकीची दारू

अंजूरला खाडीकडेच्या आमच्या शेताभोवती गोदामं उठली आणि रानडुकरांना खायला एकच शेत उरलं, आमचं. खाडीतल्या तिवरांच्या झाडीतून कळप यायचा आणि तयार भात लोळवून जायचा. त्या भातावर आमचं वर्ष निघायचं. ते जाऊ लागल्यापासून आई होळीच्या आधीच भाताऐवजी कण्या शिजवायला लागली होती.

बाबांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. निवडणुकीत नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा केली. परत मिळाली तोवर घरच्या डब्यातल्या दारूचे खाडीच्या हवेने ओलसर खडे झाले होते. बार उडवला तर फुस्स झालं, भरपूर धूर निघाला आणि गोळी समोरच्या चिखलात पडली. डुकरांनी मानही वर केली नाही.

"दादा, डुकरांना अगरबत्ती दावलीस काय?" काका हसले.

बाबांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारू उन्हात वाळवली आणि आईचा पाटा अंगणात ओढला.

"तो मसाल्याचा पाटा हाय!" आई ओरडली. बाबा वाटतच राहिले.

मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. रसायनशास्त्र. आमच्या घरातून तिथवर कुणी गेलं नव्हतं.

"बाबा, पीठ करू नका. चुलीत ओंडका घातला तर कसा जळतो? आणि भुसा टाकला तर?"

"भुसा भक्कन पेटतो."

"तेच. दारूचा दाणा सावकाश जळतो, गोळीला नळीभर ढकलत नेतो. पीठ एकदम पेटतं, गोळी हलायच्या आत. सगळा जोर नळीवर येतो. नळी फुटेल."

"जोर पायजे म्हनून तं वाटतंय. कॉलेज तुझं, बंदूक माझी."

मी काकांना सांगितलं. "तुझ्या बापाला कोन शिकवल?" म्हणाले. परवान्याच्या दुकानात नवी दारू आली नव्हती, कधी येईल ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. आणि भात तर उभं होतं. संध्याकाळी बाबा निघाले. मी बांधापर्यंत मागे मागे गेले, हात धरला. त्यांनी झटकला. मागच्या वेळी कमी पडली म्हणून दारू जरा जास्तच ओतली. पुढे काय होणार ते मला माहीत होतं आणि मी नुसती उभी होते.

ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला. नळी घोड्याजवळ चिरली होती. बाबा बसले होते, उजव्या कानातून रक्त येत होतं. बोटं शाबूत होती. कळप पळाला, आणि दुसऱ्या संध्याकाळी परत आला.

दवाखान्यात बाबा म्हणाले, "ते ओंडक्याचं परत सांग." त्यांचा उजवा कान गेला होता. मी डाव्या बाजूला गेले आणि ओरडून ओरडून सगळं परत सांगितलं. वॉर्डातले लोक बघत होते. बाबा मान हलवत होते. कितपत ऐकू गेलं, कोण जाणे.

भात त्या साली डुकरांनीच खाल्लं. बंदूक आम्ही ठाण्यात कायमची जमा केली.

पुढच्या वर्षी मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.