चिकटवलेलं टेकाड

रुपालीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. सणसवाडीच्या त्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची बिहारची बाई तर तिच्या मोरीतला तांब्याचा आवाज ऐकूनच हसत म्हणायची, "आज शंभू भैया की खैर नहीं." पण त्या शनिवारी दुपारी भांडी वाजली नाहीत. खरकटी ताटं तशीच ठेवून रुपाली उंबऱ्यात बसून राहिली, आणि शंभूला लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोची भीती वाटली.

का वाटली, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. ही गोष्ट घाईत सांगता येण्यासारखी नाही.

रुपाली कासुर्डीची. धनगराघरची लेक. आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं विकून ऊस लावला, आणि बारावी झालेल्या पोरीला घोडनदीच्या काठी इनामगावात दिली. नवरा शंभू टेम्पोवर कंपन्यांचा माल वाहायचा, म्हणून बिऱ्हाड सणसवाडीला. तीही बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. दिवसभर झाकणं तपासायची. बोटाचं पेर झाकणाच्या कडेवरून फिरलं की तिला कळायचं, साचा झिजलाय की मशीन तापलंय. सुपरवायझर मोजमाप घेऊन येईपर्यंत तिनं अख्खं खोकं बाजूला सरकवलेलं असायचं.

अशा बाईच्या हाताला एक दिवस भंगाराच्या दुकानात खेळण्यातला ठोकळा लागला. पुण्याच्या सोसायट्यांतून पोत्यांनी येणाऱ्या मोडक्या खेळण्यांतला. लाल, वर आठ गोल उंचवटे, खालून पोकळ. तिनं दुसरा उचलला, त्याच्यावर दाबला. कट्, असा बारीक आवाज झाला. ओढला, तर निघाला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच आवाज. कुणाच्या तरी लेकरानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी चावलेला, फेकलेला ठोकळा, आणि सुताचा फरक नाही! रोज हजारो झाकणं हाताखालून घालवणाऱ्या बाईलाच त्या आवाजाचं मोल कळणार. ती गेली होती पिठाचा डबा घ्यायला. आली ती अर्धं पोतं ठोकळे घेऊन.

मग ते सुरूच झालं. साबणाच्या पाण्यात ठोकळे धुवायचे, बाजेवर वाळवायचे, धान्यासारखे चाळून निवडायचे. वरच्या उंचवट्यांना ती टिकल्या म्हणायची. आठ टिकल्यांचा, चार टिकल्यांचा, एकटिकली. नऊ वर्षांत पाच गोण्या भरल्या. त्या पाच गोण्यांतच ती बांधायची, मोडायची आणि त्याच ठोकळ्यांचं पुढचं काही बांधायची. गुऱ्हाळ बांधलं, मेंढरांचा वाडा बांधला, पुलावरची मालगाडी बांधली. मोडताना तिला कधी वाईट वाटलं नाही. पीक निघालं की रान नांगरतात, त्यात कोण रडतं?

मोबाइलवरून तिला तिच्यासारखीच माणसं सापडली. दौंडचे रखमाजी आप्पा, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. शिरूरची तेजश्री, शाळेत चित्रकला शिकवणारी. आणखी सहा-सात जण. दोन महिन्यांतून एका रविवारी दौंडला रेल्वे कॉलनीजवळच्या एका हॉलात ते जमायचे. आप्पांनी घालून दिलेली रीत होती. ज्याचं काम असेल त्यानं ते टेबलावर मांडायचं. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. 'छान' हा शब्द तर हॉलात बंदच होता. काम आवडलं तर एका जागी बोट दाखवायचं आणि विचारायचं, "हे कसं केलं?" तीच शाबासकी. आणि मग ज्यानं बांधलं त्यानंच आपल्या हातानं ते उघडायचं, थर थर काढून आतली करामत सगळ्यांना दाखवायची. त्याला ते मोडणी म्हणत. मोडणीशिवाय काम पुरं झालं असं कुणी मानत नसे.

या खेपेला रुपालीनं टेकाड केलं होतं. इनामगावच्या नदीकाठचं, पांढऱ्या मातीचं, जिथं हजारो वर्षांपूर्वी माणसं राहत होती ते. तिचे सासरे तात्याबा तरुणपणी तिथं संशोधकांच्या खोदकामाला होते, पाट्या वाहायला. कुठल्या थरात काय निघालं ते म्हाताऱ्याला अजून तोंडपाठ. रुपाली सासऱ्यांना मामा म्हणायची. सणासुदीला गावी गेली की ती वही घेऊन मामांच्या बाजेपाशी बसायची. वर हिरवा ऊस. त्याखाली काळी माती. त्याखाली गोल झोपड्या, चुली, धान्याची बळदं. त्याखाली त्याहून जुनी चौकोनी घरं. आणि अगदी तळाशी एका घराच्या जमिनीत पुरलेला पोटफुगा रांजण, मातीच्या चार पायांवर उभा, आणि त्यात पाय दुमडून बसलेला माणूस.

तो रांजण तिला सात महिने पुरला. सरळ कडांच्या ठोकळ्यांतून गोल पोट आणायचं म्हणजे काय, ते करणारालाच कळावं. सगळं मिळून चौदा महिने गेले. दोन हात लांब, एका वितीहून थोडं उंच टेकाड. वरून पाहिलं तर उसाचं रान. पण प्रत्येक थर चार-चार टिकल्यांवर अलगद टेकवलेला. एकेक उचलत जायचं, तळाच्या रांजणापर्यंत. ते आतलं सगळं घराबाहेर अजून कुणीच पाहिलं नव्हतं. रविवारी दौंडला पहिल्यांदा उघडायचं, मामांच्या समोर, असं तिनं ठरवलं होतं.

बुधवारी शंभू म्हणाला, "पृथ्वीराजदादाला दोन दिस पायजे. त्याच्या हाफिसात ठिवायचंय, लोकं बघत्याल."

पृथ्वीराज म्हणजे इनामगावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, निवडणुकीच्या तयारीत असलेला. शिरूरच्या रस्त्याला त्याचं संपर्क कार्यालय होतं. शंभूला त्याच्या ओळखीनं दोन कंपन्यांच्या खेपा मिळाल्या होत्या. रुपालीनं दिलं. "हात लावू नका म्हणावं," एवढंच बजावलं.

शनिवारी सकाळी ती शंभूबरोबर टेम्पोतून आणायला गेली, तर टेकाड काचेच्या पेटीत. खाली पितळी पाटी, पाटीवर पृथ्वीराजच्या आजोबांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ'. तिनं काच सरकवली, वरच्या उसावर दोन्ही तळवे ठेवले आणि थर उचलायला गेली.

हललं नाही.

कडेनं बोट फिरवलं. बोटाला ओघळ लागला. कडक, काचेसारखा. चारी बाजूंनी, सगळ्या फटींतून.

"कुणी केलं ह्ये?"

"अहो वहिनी, पोरं उचलून बघाय लागली आन् वरचं झाकण सरकाय लागलं," पृथ्वीराज हसत म्हणाला. "मंग पक्कं करून टाकलं. आता शंभर वर्सं हलायचं न्हाई. लई भारी काम हाय तुमचं! मंगळवारी पाहुणे येणारेत, शाल-नारळ तुमच्याच हातात."

"झाकण सरकलं तवा आत वाकून बघितलं का कुणी?"

"आत काय बघायचंय? टेकाड हाय ना?"

रुपालीनं पेटीतून टेकाड उचललं, पोटाशी धरलं आणि दाराकडं निघाली.

"अहो, पाहुणे यायचेत!"

"पाहुण्यास्नी टेकाड बघायचं आसंल तर नदीवं न्या. खरं हाय तिथं. त्याला बी आजोबाचं नाव द्या."

टेम्पोत शंभू बराच वेळ गिअरशी चाळा करत राहिला. शिक्रापूर मागं पडल्यावर म्हणाला, "गोंदाची बाटली मीच दिली आणून."

ती वळली नाही.

"अगं, मालगाडी न्हेताना खड्ड्यात आदळून फुटली व्हती, तवा तू जेवली न्हवतीस. म्हणलं, ह्ये तरी फुटाय नको. झालं हुतं ना पुरं? मंग परत उघडायचं कशाला?"

चौदा महिने. एका खोलीत, एका दिव्याखाली, हा माणूस तिच्याशेजारी जेवला, झोपला. रांजणाचं पोट सतरा वेळा मोडून बांधताना यानं पाहिलं. आणि विचारतो, उघडायचं कशाला! पृथ्वीराजचा राग तिला फार वेळ धरता आला नाही. तो परका, त्याला पाटीशी काम. पण याला काय म्हणायचं? शिवी देण्याजोगं यानं काही केलं नव्हतं, आणि म्हणूनच याचा राग उतरत नव्हता. त्याच रागानं ती दुपारभर उंबऱ्यात बसली. ताटांवर माश्या आल्या तरी उठली नाही.

रविवारी मात्र ती दौंडला गेली. वाटेत इनामगावातून घेतलेले मामा टेम्पोत पुढं बसले, ती मागं हौद्यात, टेकाड मांडीवर घेऊन. शंभूनं सगळे खड्डे चुकवले. ते पाहून तर तिला आणखीच संताप आला.

हॉलात पाच मिनिटं कुणी बोललं नाही. रखमाजी आप्पा चष्मा कपाळावर चढवून टेकाडाभोवती फिरले. थरांच्या फटींपाशी वाकले आणि तिथंच थांबले. ओघळ त्यांनाही दिसला.

"पोरी, ह्ये काय?"

"चिकटवलंय."

खोलीत कुणी मेल्याची बातमी यावी तशी सगळी माणसं मागं सरली. तेजश्रीनं तर ओढणी तोंडावर धरली.

"गरम पाण्यात ठेवून बघूया?" कुणीतरी म्हणालं.

"नाही निघायचं," तेजश्री म्हणाली. "हा गोंद प्लास्टिकलाच धरतो. ओढलं तर टिकल्या तुटून येतील. ताई, तुमच्या मोबाइलमध्ये आतले फोटो असतील ना? ते दाखवा. आमचा विश्वास आहे."

"इस्वास कशाला ठिवताय? म्या काय द्येव बसवलाय का हितं?" रुपालीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चौदा म्हैने फोटू काढाय बसले न्हवते मी. आप्पा, तुमचं घर पलीकडंच हाय. लाकडाची करवत आसंल."

शंभू भिंतीपाशी उभा होता. तो पुढं आला. "अगं, आसं कापतंय का कुणी? निदान बाहेरनं तरी चांगलं—"

"तुम्ही तिथंच हुबं ऱ्हावा."

करवत आली. आप्पा म्हणाले, "आण, मी धरतो, जन्म गेलाय माझा लोखंड कापण्यात." तिनं दिली नाही. करवत कुठं चालवायची ते तिच्याखेरीज कुणाला ठाऊक होतं? तळाचा रांजण वरून दिसत नव्हता. तिनं उसाच्या कडेच्या टिकल्या बोटानं मोजायला सुरुवात केली. एकतिसावी आणि बत्तिसावी, यांच्यामधून गेलं तर रांजणाच्या पोटाला खेटून निघेल. एक टिकली चुकली तर रांजण मधोमध चिरेल. तिनं पुन्हा मोजलं. मग पदर खोचला, टेकाडावर डावा तळवा रोवला आणि करवत ओढली.

तो आवाज त्या हॉलात कुणी कधी ऐकला नव्हता. दोघं उठून बाहेर गेले. आधी हिरवा भुसा पडला, मग काळा. रुपालीचा हात भरून आला तरी थांबली नाही. तपकिरी भुसा पडायला लागला तेव्हा आतून काहीतरी सुटं खुळखुळलं. तिचे डोळे चमकले. गोंद कडेकडेनंच मुरला होता, आतपर्यंत पोचला नव्हता. शेवटी पांढरा भुसा पडला आणि टेकाड दोन तुकडे होऊन कलंडलं.

आत सगळं होतं. ऊस, काळी माती, गोल झोपड्यांचे अर्धे कापलेले कूड, चुलीचे लाल एकटिकली ठोकळे, बळद, चौकोनी घर. एकाखाली एक, जमीन उभी चिरून दाखवावी तसं. आणि तळाशी रांजण, पोट शाबूत, आतल्या माणसाचं पिवळं डोकं दिसतंय. एक पाय मात्र करवतीनं नेला होता.

तात्याबांना धरून पुढं आणलं. म्हाताऱ्यानं वाकून रांजणाचे पाय मोजले. मग कुरकुरला, "चारी पाय शाबूत हुते त्येचे. म्या सवता बघितलेत."

"ते तुमच्या लेकाला इचारा, मामा."

आप्पांनी रांजणाच्या पोटावर बोट ठेवलं. "हे कसं केलं?"

तेजश्रीनं बळदावर ठेवलं. मग बाहेर गेलेले दोघं आत आले आणि एका तुकड्याभोवती चार-पाच बोटं एकदम आली. रुपाली सांगत गेली. कुठला ठोकळा उलटा धरला, कुठं अर्ध्या टिकलीची फट सोडली. सांगताना तिच्या कपाळाची शीर उतरली नव्हती. कौतुकानं राग जातो असं म्हणतात. तिचा गेला नाही.

तेवढ्यात शंभूचा मोबाइल वाजला. त्यानं पाहिलं, ओठ ओले केले. "पृथ्वीराजदादा हाय. मंगळवारचं इचारतोय. काय सांगू?"

"सांगा, दोन आर्धं हाईत. कुठलं आर्धं पायजे?"

हॉलात कुणीतरी फस्सकन हसलं. शंभूनं फोन कापला आणि खिशात टाकला. दोन्ही कंपन्यांच्या खेपा गेल्या आता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रुपालीनं आप्पांच्या पेटीतली पक्कड घेतली आणि शंभूच्या हातात दिली. एक खुर्ची पायानं त्याच्याकडं ढकलली.

"बसा. आतलं सुटं मी काढते. कडेचं चिकाटलेलं तुम्ही काढा. एकेक. तुटला तरी फेकू नका, मला दावा."

शंभू बसला. पहिला ठोकळा त्यानं पकडीत धरला, पिळला. खालच्या ठोकळ्याच्या टिकल्या तुटून त्यात अडकून आल्या. त्यानं तो तळहातावर घेऊन बायकोसमोर धरला. तिनं पाहिला, बाजूला ठेवला, आणि म्हणाली, "दुसरा."