तांबूस धूर

मुशीत टाकलेल्या कुणाच्या तरी मंगळसूत्राच्या वाट्या आधी लाल झाल्या, मग आकार सोडून एका थरथरत्या थेंबात मिळाल्या. आठवीत शाळा सुटली, पण गुरुजींचं एवढं ध्यानात राहिलंय: ताप वाढला की कण जागा सोडतात. आमच्या गावची निम्मी पोरंही अशीच जागा सोडून परमुलखात सोनं गाळायला जातात. मला दत्तूकाकांनी इथं आणलं, जेवू घातलं, काम शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

सोन्याचं बरं असतं. निवलं की त्याची पुन्हा वडी होते. ते शुद्ध करायला तेजाब ओतलं की उठणारा तांबूस धूर मात्र माघारी येत नाही. तो छताखाली घुटमळतो आणि पुढं कुठं जातो, ते काकांच्या खोकल्यात ऐकू येतं.

"काका, पंखा लावू का?"

"खुळा का काय? सोन्याची धूळ उडंल. धुराची हुईल सवय."

आज सकाळी तेजाब ओतलं आणि मला खोकला आला, अगदी काकांसारखा, खोलवरून. काका हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी पंखा लावला.