ती पाहणी हेमंतची होती

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात चौकात पत्रकं वाटत होतो. तापाचं निमित्त, धुळ्याच्या दवाखान्यात चार दिवस... आणि संपलं. महिना झाला. मला अजून राग येतो, आणि तो माझाच येतो.

भडगावजवळच्या आमच्या गावात पोरांना दोनच विषय. क्रिकेट आणि मोटारसायकल. हेमंतला वेड एसटीचं. गिअरच्या आवाजावरून गाडी कुठल्या डेपोची ते सांगायचा, पुठ्ठ्याच्या एसट्या करून पलंगाखाली लपवायचा. आम्ही त्याला ‘कंडक्टर’ म्हणायचो. तोही हसायचा आणि आमच्यात राहता यावं म्हणून वर्षानुवर्षं वाईट क्रिकेट खेळायचा. तिशीत मात्र त्याने त्या सगळ्या एसट्या आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दर्शनी काचेत मांडल्या. मी म्हणालो, ‘‘कंडक्टर, लग्न ठरायचं नाही तुझं.’’ तो म्हणाला, ‘‘नको ठरू दे. तुमच्यासारखं वागून पाहिलं भाऊ, नाही जमलं.’’

पुढे सकाळची धुळे गाडी दांड्या मारू लागली. कॉलेजच्या मुली फाट्यावर ताटकळायच्या, दोघींचं शिक्षण घरच्यांनी बंदच केलं. आम्ही चळवळीतले कार्यकर्ते घोषणा देत होतो, डेपोचे साहेब पुरावा मागत होते. हेमंतने निमूट वही काढून दिली. दोन वर्षांचा रोजचा हिशेब... गाडी कधी आली, कधी आलीच नाही. त्यावर आम्ही पत्रक काढलं, गाडी सुरळीत झाली. छापण्याआधी त्याने एवढंच विचारलं होतं, ‘‘खाली माझं नाव टाकशील?’’ मी ऐटीत सांगितलं, ‘‘चळवळीत नाव नसतं रे.’’ निमंत्रक म्हणून माझं मात्र ठळक होतं! त्याच्या वेडाला जन्मात एकदा मान मिळणार होता. तो मी खाल्ला.

दहाव्यानंतर त्याच्या आईने ती वही माझ्या हातात दिली. ‘‘हाई तूच ठेव भाऊ. मले यामा काय समजस?’’ आत आमचं पत्रक घडी घालून ठेवलेलं. ‘कार्यकर्त्यांनी केलेली पाहणी’ या ओळीखाली पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं. उजेडात तिरकं धरलं तेव्हा कागदावरचा वळ दिसला... हेमंत.

म्हणून आज इथे, छापून सांगतो. ती पाहणी हेमंतची होती. आमची नव्हती.